आरोग्य माहिती व्यवस्थापनाची डिग्री घ्यावी का? आधी त्या कॉलेजची रेकॉर्ड रूम बघा

सेलू तालुक्यातल्या एका भावाने प्रश्न विचारला आहे. धाकटी बहीण बारावीनंतर लातूरला राहून नीटची तयारी करत होती. दोनदा परीक्षा दिली, मार्क एमबीबीएसपर्यंत पोचले नाहीत. खासगी बीएएमएसची फी कोरडवाहू शेतीवर झेपणारी नाही. कुणीतरी 'बी.एस्सी. हेल्थ इन्फर्मेशन मॅनेजमेंट' सुचवलंय. दुसरीकडे एक क्लासवाला म्हणतो, सहा महिन्यांत मेडिकल कोडिंग, म्हणजे आजार आणि उपचारांना ठरलेले कोड द्यायचं काम, शिकवतो आणि नोकरीही लावतो. भावाला दोनच गोष्टी हव्या आहेत: याला स्कोप आहे का, आणि मराठवाड्यात राहून नोकरी मिळेल का.

भाऊ, मी संभाजीनगरला एका मोठ्या रुग्णालयाच्या वैद्यकीय नोंदी विभागात, आम्ही एमआरडी म्हणतो त्यात, बऱ्याच वर्षांपासून काम करते आणि शिकाऊ मुलामुलींना शिकवते. स्कोप आहे. पण तेवढ्या उत्तरावर बहिणीची चार वर्षं आणि घरचा पैसा लावू नका. या एकाच नावाखाली तीन वेगळी कामं येतात. तिला त्यातलं कोणतं जमेल, आणि तुम्ही बघताय ते विद्यापीठ तिला त्या कामासाठी तयार करतं का, हा तुमचा खरा प्रश्न आहे. त्याचं उत्तर माहितीपत्रकात मिळत नाही. विद्यापीठाला जोडलेल्या रुग्णालयाची रेकॉर्ड रूम कशी चालते त्यावरून मिळतं.

आधी काम काय असतं ते सांगते, कारण बहुतेकांना वाटतं की फायली लावायच्या किंवा कॉम्प्युटरवर नावं टाकायची.

समजा पावसाळ्यात रात्री शेतातून एक माणूस आणला. कॅज्युअल्टीत ड्युटीवरच्या डॉक्टरने लिहिलं, 'अननोन बाइट'. काय चावलं ते कुणी पाहिलं नव्हतं, त्यामुळे त्या क्षणी ते बरोबरच होतं. वॉर्डात पापण्या जड होऊ लागल्या, सर्पविषावरचं इंजेक्शन सुरू झालं, चार दिवसांनी माणूस बरा होऊन घरी गेला. डिस्चार्ज कार्डावर मात्र 'अननोन बाइट'च राहिलं, कारण कार्ड करणाऱ्याने पहिल्या पानावरून उतरवलं. आता ही फाईल माझ्या टेबलावर येते. आयसीडी-१०, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेचं आजारांचं वर्गीकरण, त्यात सर्पविषाला टी६३.० हा कोड आहे आणि साप चावणं या बाह्य कारणाला एक्स२०. प्राणी कोणता ते माहीत नसेल तर टी६३.९ आणि एक्स२९. कार्डाप्रमाणे कोड दिला तर हा सर्पदंश जिल्ह्याच्या आकड्यातून गळतो. २०२४ च्या मार्चमध्ये केंद्राने सर्पदंशाचा राष्ट्रीय कृती आराखडा आणला, २०३० पर्यंत मृत्यू निम्म्यावर आणायचे असं ठरवलं. मोजणीच खोटी निघाली तर इंजेक्शनचा साठा कोणत्या तालुक्यात किती ठेवायचा ते कशावरून ठरवणार?

मग काय, इंजेक्शन दिलंय म्हणजे सापच, असं समजून मी टी६३.० टाकायचा? नाही. निदान करणं माझं काम नाही. मी पूर्ण केसपेपर वाचते, पापण्यांची नोंद आणि इंजेक्शनच्या वेळा शोधते, आणि डॉक्टरांना लेखी विचारते की अंतिम निदान काय धरायचं. त्यांना बदल करायचा असेल तर जुन्या शब्दांवर एक सरळ रेघ, खालचं वाचता येईल अशी, शेजारी नवीन निदान, तारीख, वेळ, सही. व्हाइटनर लावलेला कागद कोर्टात उभा राहत नाही. आणि तो माणूस वाचला नसता तर? गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत सर्पदंशाने शेतकऱ्याचा मृत्यू झाला तर कुटुंबाला २ लाख रुपये मिळतात, आणि त्या अर्जासोबत दवाखान्याचे कागद जोडावे लागतात. 'अननोन बाइट' या दोन शब्दांपायी एखाद्या बाईला तहसीलचे किती हेलपाटे पडतात ते मी पाहिलंय.

हे वाचताना तुमच्या बहिणीला पापण्या का जड झाल्या असा प्रश्न पडला, तर ती या कामाची आहे. नीटसाठी केलेलं जीवशास्त्र इथे वाया जात नाही. शरीररचना, विकृतिशास्त्र, औषधशास्त्राची तोंडओळख, वैद्यकीय परिभाषा हे सगळं डिग्रीत येतं, आणि त्यावरच पुढचं कोडिंग उभं राहतं.

दुसरी गोष्ट रुग्णाची ओळख पटवण्याची. आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी होतं. सातव्या महिन्यात मुलगी येते, ओपीडीत आई माहेरचं नाव सांगते. बाळंतपणाच्या रात्री धावपळीत नवरा सासरचं नाव सांगतो. एकाच बाईचे दोन नंबर तयार होतात. पहिल्या नंबरावर तिचा रक्तगट आरएच निगेटिव्ह असल्याची नोंद आहे, दुसऱ्यावर कोरा केसपेपर. बाळ आरएच पॉझिटिव्ह असेल तर आईला ७२ तासांच्या आत अँटी-डी इंजेक्शन द्यायला हवं, नाहीतर पुढच्या बाळाच्या जिवाला धोका. रक्तगट पुन्हा तपासला जातो म्हणून बहुतेक वेळा निभावतं, पण निभावण्यावर कुणाचा जीव टांगून ठेवू नये. त्यात वय 'अंदाजे', आणि गावाचं नाव पिंपळगाव, वडगाव नाहीतर टाकळी, जे जवळजवळ प्रत्येक तालुक्यात आहे. आता चौदा आकडी आभा क्रमांक, म्हणजे प्रत्येकाचा आरोग्य ओळख क्रमांक, आलाय, त्याने हे पुष्कळ सोपं होईल. तरी रात्री दोन वाजता आभा क्रमांक कुणाच्या हातात नसतो. तेव्हा नोंदणीच्या खिडकीवरच्या माणसाने नवऱ्याचं नाव, वडिलांचं नाव, गाव, तालुका, मोबाइल असं सगळं विचारून जुना नंबर शोधायचा असतो. ही पद्धत बसवणं, खिडकीवरच्या पोरांना शिकवणं आणि दुहेरी नंबर रोज शोधून एकत्र करणं, हे आरोग्य माहिती व्यवस्थापकाचं काम.

तिसरी गोष्ट बीडची, ती मला फार जवळची आहे. ऊसतोड करणाऱ्या बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ साली राज्यभर गाजला आणि सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. अशा प्रश्नात खरं-खोटं करायचं तर बाईचं वय काय होतं, शस्त्रक्रियेचं कारण काय लिहिलं, सोनोग्राफीत काय दिसलं, काढलेलं गर्भाशय पॅथॉलॉजीला पाठवलं का आणि तिथून काय रिपोर्ट आला, हे कागद लागतात. शस्त्रक्रिया फायब्रॉइडमुळे, म्हणजे गर्भाशयातल्या गाठीमुळे, झाली की 'अंगावर जातं, पोट दुखतं' एवढ्यावरच झाली, हा फरक कागदावर नसेल तर त्या बाईच्या बाजूने बोलायला काही उरत नाही. नोंद नीट असली तर कोणत्या वयाच्या, कोणत्या गावच्या बायकांवर काय चाललंय हे बोंब उठायच्या आधीच वार्षिक तक्त्यात दिसतं. म्हणून मुलांना मी सांगते, तुम्ही कागद सांभाळत नाही, त्या माणसाची बाजू सांभाळता.

आता ती तीन कामं.

पहिलं, वर सांगितलं ते रुग्णालयातलं. फाईल डिस्चार्जनंतर एमआरडीत येते, पानं क्रमाने लावायची, संमतीपत्र, शस्त्रक्रियेच्या नोंदी, डॉक्टरांच्या सह्या यांतलं काय राहिलंय ते शोधायचं, कोड द्यायचा, साठवायची, मागितली की मिळाली पाहिजे. जन्म-मृत्यूच्या नोंदी २१ दिवसांत निबंधकाकडे गेल्या पाहिजेत. मृत्यूच्या कारणाच्या प्रमाणपत्रात बरेच नवे डॉक्टर 'कार्डिओरेस्पिरेटरी अरेस्ट' लिहून मोकळे होतात. हृदय तर प्रत्येक मरणाऱ्याचं थांबतं, ते कशामुळे थांबलं ते लिहा, असं त्यांना समजावत बसावं लागतं. पोलीस केसच्या फायली वेगळ्या कुलपात. रुग्णाने नोंदी मागितल्या तर ७२ तासांत द्यायच्या, हा २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेचा नियम. त्याबरोबर आकडेवारी. ३० खाटांच्या वॉर्डाला ३० दिवसांच्या महिन्यात ९०० खाटा-दिवस मिळतात, त्यातले ७२० भरले तर वापर ८० टक्के. रोज रात्री बाराला वॉर्डात किती पेशंट होते ही मोजणी चुकली की पुढचं सगळं चुकतं. सरकारी वॉर्डात खाली गाद्या टाकलेल्या असतात, तिथे हा आकडा शंभरावर जातो, आणि नवीन खाटा आणि नर्स मागायला तोच आकडा कामाला येतो.

दुसरं काम अमेरिकेतल्या दवाखान्यांच्या विम्याच्या बिलांसाठी कोडिंग. तुमचा क्लासवाला हेच सांगतोय. तिथे आयसीडी-१० ची अमेरिकन आवृत्ती आणि उपचारांसाठी सीपीटी नावाची वेगळी कोडमाला चालते. कंपन्या पुणे, हैदराबाद, चेन्नईकडे आहेत. दिवसाला ठरलेले चार्ट, म्हणजे रुग्णांच्या नोंदी, संपवायचे, अचूकता टिकवायची. काम चांगलं आहे आणि प्रामाणिक आहे. पण या कंपन्या बहुधा पदवीधर घेतात, तेही जीवशास्त्राच्या बाजूचे. बी.एस्सी. मायक्रोबायोलॉजी किंवा बी.फार्म. झालेल्या मुलीला घरची गरज असेल आणि ती या क्लासला गेली तर मी अडवणार नाही. बारावीवर थांबलेल्या मुलीने पदवीऐवजी हा क्लास करावा, याला मात्र माझा विरोध आहे. सहा महिन्यांत कोड शोधायला शिकता येतं, केसपेपर वाचायला नाही. आणि कोड शोधण्याचं काम सॉफ्टवेअर दिवसेंदिवस जास्त करणार आहे. माणसाची गरज राहील ती सॉफ्टवेअरने सुचवलेला कोड केसपेपरशी ताडून बघायला आणि डॉक्टरांना योग्य प्रश्न विचारायला.

तिसरं काम डिजिटल नोंदींचं. २०२१ च्या सप्टेंबरमध्ये आयुष्मान भारत डिजिटल मिशन देशभर सुरू झालं, तेव्हापासून याची मागणी वाढते आहे. रुग्णालयाचं सॉफ्टवेअर नियमाप्रमाणे आहे का, एका दवाखान्यातली नोंद दुसऱ्याला वाचता येईल अशा रचनेत आहे का, रुग्णाची संमती कशी घ्यायची, हे बघणारी माणसं लागतात. पुण्याच्या सी-डॅक या सरकारी संगणक संशोधन संस्थेत डिजिटल नोंदींच्या मानकांचं राष्ट्रीय केंद्र आहे आणि स्नोमेड सीटी ही वैद्यकीय संज्ञांची व्यवस्था भारतात मोफत वापरता येते. २०२३ चा वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा आल्यापासून आजाराचा कागद कुणाच्या हातात जातो याचा जाब द्यावा लागणार आहे. बहिणीला गणित आणि कॉम्प्युटर आवडत असेल तर हा रस्ता सगळ्यात लांब जाणारा आहे, फक्त तो पहिल्या कामावरून जातो. वॉर्डातली फाईल कशी तयार होते ते न बघितलेल्या माणसाने सॉफ्टवेअरचे फॉर्म बनवले की नर्सच्या नाकी नऊ येतात.

एवढ्यावरून माझं मत लक्षात आलं असेल. बारावीवर असाल तर नियमित पदवी, आधीच पदवी असेल आणि पैशाची निकड असेल तर कोडिंगचा क्लास चालेल. आता कोणती पदवी, कुठली.

कायद्याच्या दृष्टीने हे क्षेत्र आता अधांतरी नाही. २०२१ च्या राष्ट्रीय सहाय्यभूत आणि आरोग्यसेवा व्यवसाय आयोगाच्या कायद्यात आरोग्य माहिती व्यवस्थापन हा स्वतंत्र गट आहे, क्लिनिकल कोडर आणि वैद्यकीय नोंदींचे विश्लेषकही त्यातच येतात. म्हणून पहिली चौकशी ही करा की विद्यापीठाचा अभ्यासक्रम या आयोगाच्या आराखड्याप्रमाणे आहे का आणि पास झाल्यावर नोंदणी होणार का. तोंडी नको, लेखी घ्या. घरबसल्या दूरस्थ डिग्री कुणी देत असेल तर सरळ नाही म्हणा. या कायद्याखालच्या अभ्यासक्रमांना दूरस्थ आणि ऑनलाइन प्रवेश २०२५ च्या सत्रापासून बंद करायला यूजीसीने सांगितलंय.

शिकायच्या जागा म्हणाल तर मणिपालला या विषयाचा स्वतंत्र विभाग आहे, तिथे पदवी आणि पदव्युत्तर दोन्ही होतं. वेल्लोरचं ख्रिश्चन मेडिकल कॉलेज आणि पुद्दुचेरीचं जिपमर यांचं वैद्यकीय नोंदींच्या शिक्षणात जुनं नाव आहे. महाराष्ट्रात काही खासगी आणि अभिमत विद्यापीठं वेगवेगळ्या नावांनी हा अभ्यासक्रम चालवतात. दर्जा सारखा नाही, म्हणूनच म्हणते, स्वतः जाऊन बघा.

काय बघायचं? विद्यापीठाला स्वतःचं मोठं, भरलेलं रुग्णालय आहे का. मुलांना एमआरडीत रोज बसवतात की वर्षातून एकदा फिरवून आणतात. रेकॉर्ड रूममध्ये जाऊन महिन्याभरापूर्वीची एक फाईल किती वेळात सापडते ते विचारा, शक्य असेल तर समोर काढायला सांगा. फायलींमधली माहिती तुम्हाला दाखवणार नाहीत, आणि दाखवायला निघाले तर तेच कॉलेज नापास समजा. पण रॅक दिसतील. चांगल्या ठिकाणी बऱ्याचदा नंबरच्या शेवटच्या दोन आकड्यांप्रमाणे फायली लावलेल्या असतात. २४-५६-७८ ही फाईल ७८ च्या कप्प्यात, म्हणजे नवीन फायली एकाच कोपऱ्यात साठत नाहीत, शंभर कप्प्यांत सारख्या वाटल्या जातात. सगळं स्कॅन झालेलं असेल तर त्याहून चांगलं, मग स्कॅन तपासतं कोण ते विचारा. आयसीडीचे तिन्ही खंड टेबलावर वापरून मऊ झालेले आहेत का, की काचेच्या कपाटात नवेकोरे? आयसीडी-११ शिकवायला सुरुवात केली का? ती २०२२ च्या जानेवारीपासून लागू आहे, दवाखान्यांत अजून १० चालते, पण आज प्रवेश घेणाऱ्या मुलीला दोन्ही आल्या पाहिजेत. शिकवणाऱ्यांपैकी कुणी स्वतः एमआरडीत काम केलंय का? हा शेवटचा प्रश्न मी सगळ्यात वर ठेवीन. नुसतं हॉस्पिटल मॅनेजमेंट शिकलेले सर कोडिंग पुस्तकातून वाचून दाखवतात, आणि मुलं कोरडीच राहतात.

मराठवाड्यातल्या नोकरीचं काय? हे परिस्थितीवर आहे, आणि गोड बोलून मी तुम्हाला फसवणार नाही. तालुक्याच्या तीस-पन्नास खाटांच्या दवाखान्यात या पदवीचं नावही कुणी ऐकलेलं नसतं. तिथे एकच माणूस विम्याच्या मंजुऱ्या, महात्मा फुले योजनेचे दावे, जन्म-मृत्यूच्या नोंदी आणि रेकॉर्ड सगळं बघतो, पगार बेताचा. पण त्याच दवाखान्याचे दावे कागद अपुरे म्हणून परत येऊ लागले की जाणत्या माणसाची किंमत कळते. खरी जागा मोठ्या रुग्णालयांत आणि मेडिकल कॉलेजांत आहे. संभाजीनगरचं सरकारी रुग्णालय घाटी, अंबाजोगाई, नांदेड, लातूर जुनेच. अलीकडच्या वर्षांत धाराशिव, परभणी, जालना, हिंगोलीलाही सरकारी मेडिकल कॉलेज आलं, आणि मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयाला वैद्यकीय नोंदींचा विभाग ठेवावाच लागतो. एनएबीएच हे रुग्णालयांच्या दर्जाचं मानांकन हवं असलेल्या खासगी रुग्णालयांनाही माहिती व्यवस्थापनाचे निकष पाळावे लागतात. सरकारी भरती कधी निघेल ते कुणाच्या हातात नाही, म्हणून तेवढ्याच भरवशावर राहू नका. निघाली की जाहिरातीतली पात्रता शब्दशः वाचा. एम्ससारख्या संस्थांत मेडिकल रेकॉर्ड टेक्निशियनच्या पदाला या विषयाची बी.एस्सी. चालते आणि टायपिंगचा वेग मागतात. टायपिंग आजपासूनच सुरू करा, त्याला कॉलेजची वाट बघायची गरज नाही.

पहिली दोन-तीन वर्षं पुण्याला किंवा मुंबईला काढायची तयारी ठेवा, असं मी स्पष्ट सांगते. मोठ्या रुग्णालयात काम करून परत आलेल्या मुलीला इथे विभागप्रमुखाची खुर्ची मिळते. इथेच सुरुवात केलेली मुलगी बहुतेक वेळा लिपिक म्हणूनच राहते.

आणि फी. मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत पूर्ण फी माफीचा २०२४ चा राज्याचा निर्णय तुम्ही ऐकला असेल. खासगी अभिमत आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठं त्यातून वगळलेली आहेत, आणि हा अभ्यासक्रम बऱ्याचदा नेमका तिथेच असतो. 'मुलींना फुकट आहे' असं एजंट म्हणाला तर त्याच्याकडून त्या विद्यापीठाचं नाव असलेला कागद मागा. फी, वसतिगृह, मेस हे चारही वर्षांचं एकत्र लिहून काढा आणि मग घरी बोला. तेवढ्यासाठी जमीन गहाण पडणार असेल तर थांबा. जवळच्या सरकारी किंवा अनुदानित कॉलेजात मायक्रोबायोलॉजीची बी.एस्सी. करून पुढे नोंदींचा डिप्लोमा किंवा पदव्युत्तर पदवी, हा रस्ता थोडा लांबचा असला तरी तितकाच पक्का आहे. माझ्या विभागात दोन्हीकडून आलेले लोक शेजारी शेजारी बसून काम करतात.

प्रवेशाच्या आधी बहिणीला परभणीच्या नाहीतर नांदेडच्या एखाद्या मोठ्या रुग्णालयाच्या एमआरडीत एक दिवस बसू द्या. अधीक्षकांच्या नावाने साधा अर्ज द्यायचा, बारावीची मार्कशीट जोडायची, 'अभ्यासक्रम निवडण्यापूर्वी कामाची ओळख करून घ्यायची आहे' असं लिहायचं. तुम्ही सोबत जा, पण आत तिला एकटीला जाऊ द्या. प्रश्न तिने विचारायचे. जाऊन आली की तिथे तिला काय आवडलं, कशाचा कंटाळा आला, ते तिने स्वतः मला लिहावं. मग तीनपैकी कोणता रस्ता धरायचा ते नेमकं सांगता येईल.